झाकण मधेच उघडू नये

आमच्या प्रताप नगरच्या गल्लीतून ढोले सरांच्या तोंडावर श्वास सोडल्याशिवाय कुठल्याही पुरुषाला पुढे जाता येत नाही. सर फाटकाशी उभे असतात. आपण दिसलो की दोन बोटांनी जवळ बोलावतात, मान पुढे करतात आणि म्हणतात, "हा कर गा." आपण हा करायचं. सर डोळे मिटून निकाल देतात. "खर्रा." "कांदा." "काल कुठं बसला होता?"

सर शाळेत पी.टी. शिकवायचे आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारी पोरं वासावरून पकडायचे. पुढे ते निवृत्त झाले, नाक झालं नाही. मागच्या वर्षी गल्लीतल्या वरातीत त्यांनी घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला खाली वाकायला लावलं होतं. त्यांनी घोड्यालाही हुंगलं असं माझी बायको सांगते, पण तिचं सगळंच खरं धरू नये. मी स्वतः वेलची, लवंग, पेरूचं पान, सगळं करून पाहिलं आहे. "वरतून बडीशेप, खालतून बिअर," सर शांतपणे म्हणाले होते, आणि तेही माझ्या सासऱ्यांसमोर.

हेच सर एका रविवारी सकाळी घरात आले. मी तर्री-पोहे खात होतो. त्यांनी दार लोटून घेतलं. मी सवयीनं हा केलं. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

"तुह्या कंप्युटरवर पाहून दे," ते म्हणाले. "बिअर घरी बनवाचं सामान भेटते म्हणे. नवशिक्यासाठी पाह्यजे. भेट द्याची आहे."

माझा चमचा हवेतच राहिला. ज्या माणसानं आयुष्यात थेंब घेतला नाही, ज्याच्या धाकानं मी माझ्याच घरी मागच्या दारानं येतो, तो मला बिअर बनवायला मदत मागत होता. हा नक्की सापळा आहे, मला वाटलं.

"कोणासाठी, सर?"

"निलेशसाठी."

निलेश त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच्या लग्नाच्या स्वागत समारंभात, पाकिटं घेऊन पाहुण्यांची रांग लागलेली असताना, सर स्टेजवर गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हा कर." पोरानं केलं. सर खाली उतरले आणि न जेवता घरी गेले. त्यानंतर लवकरच निलेश ऑस्ट्रेलियात गेला. आई वारली तेव्हा आला, तेराव्यानंतर परत गेला. आता दर रविवारी फोन येतो. "बरं आहे?" "बरं आहे." एवढंच. यावेळी मात्र तो पुढे म्हणाला होता, "या आठ-दहा दिवस."

"तिकडं घरी बनवणं कायद्यात बसते," सर म्हणाले. "मी विचारून घेतलं. काढ."

मी तिकडच्या एका दुकानाचं पान उघडलं. या विषयात माझा अधिकार जास्त, म्हणून मी पुढाकार घेतला. "हे घ्या सर. आठवड्यात तयार."

"नाही पाह्यजे."

"हे पाहा, पंधरा दिवस."

"पुढं जाय."

"सर, नवशिक्याला लवकर होणारं द्यावं. नाहीतर माणूस कंटाळतो."

"तू पुढं जाय ना गा."

शेवटी एक संच आला. झाकणाची मोठी पांढरी बादली, जवाच्या अर्काचा डबा, यीस्टची पुडी, बाटल्या. आधी बादलीत ठेवायचं, मग बाटल्यांत भरायचं, मग पुन्हा थांबायचं. सगळं मिळून महिन्याच्या वर. सरांचा चेहरा खुलला.

"हेच. काय लिहिलं ते वाच."

"झाकण मधेच उघडू नये."

"उघडलं तं?"

"हवा लागून आंबट होऊ शकते. मग फेकून पुन्हा लावा."

"पुन्हा म्हणजे तेवढेच दिवस?"

"तेवढेच."

सरांनी समाधानानं मान हलवली. मी चक्रावलो. "पण सर, तुम्ही तर दहा दिवसांत परत येणार. तुम्हाला ती तयार झालेली दिसणारसुद्धा नाही."

सर पडद्यावरच्या बादलीकडे बघत राहिले. "बापानं आणून देल्लेली गोष्ट अर्धी असताना, जा म्हणंन का तो मले?" ते म्हणाले. "तिकिटाची तारीख बदलता येते. ते बी विचारून ठेवलं."

मला त्यांच्याकडे पाहवेना. त्यांनी सांगितला तसा मी निलेशचा पत्ता भरला.

सर गेले. गल्लीतले पुरुष मोकळे झाले, तरी त्या रिकाम्या फाटकापाशी आमचे पाय आपोआप अडत. दहा दिवस झाले, महिना झाला, सर काही आले नाहीत. एका सकाळी निलेशचा फोन आला.

"काका, बाबांची बिअर आंबली."

"अरेरे. कशी काय?"

"मी उठाच्या आधी ते रोज झाकण उघडून वास घेऊन राहिले होते. मी दारातून पाह्यलं. बादलीवर वाकून, डोळे मिटून."

"मग बोलला नाहीस?"

"नाही बोललो. आई गेली तेव्हा तिच्या साड्यांच्या कपाटासमोर असेच उभे होते."

मागून सरांचा आवाज आला, "कोण आहे? त्याले म्हण, हा कर." मी फोनवर हा केलं. सर म्हणाले, "सुटला."

"मग आता रे?" मी निलेशला विचारलं.

"तिकीट पुढं ढकललं. काल दुसरी लावली." त्याचा आवाज एकदम खाली आला. "काका, यावेळी झाकण मी सैलच ठेवलं आहे. मागच्या वेळी त्यांचे हात दुखले."