जावईबापूंचा शेवटचा नंबर

आमच्या शेजारच्या मधुकाका राऊतांच्या घरी चाचणी चालू असताना फोडणी देण्यास सक्त मनाई आहे. "खोली अर्धा अंश वर जाते," हे त्यांचे कारण.

चाचणी असते हीटसिंकची. संगणकाचा प्रोसेसर काम करताना तापतो. त्याच्या डोक्यावर बसून ती उष्णता आपल्या धातूच्या पात्यांतून हवेत सोडून देणारा ठोकळा म्हणजे हीटसिंक. बहुतेक माणसे आयुष्यात एकही हीटसिंक हाताळत नाहीत. काकांकडे सात आहेत. इतरांच्या घरी शोकेसमध्ये मुलांची पदके असतात. तिथे हे सातजण क्रमवारीने मांडलेले असतात. काकू त्यांना सरसकट "फणस" म्हणतात.

काका वसईच्या जुन्या वाडीवाल्यांपैकी. केळीची बाग धाकट्या भावाने सांभाळली आणि यांनी गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात भट्टीवर देखरेख केली. निवृत्तीनंतर भट्टी सुटली. तापमान मोजण्याची सवय सुटली नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा संगणक घरात पडून होता. तो त्यांनी ताब्यात घेतला.

त्यांची पद्धत मी पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून तपासली आहे आणि ती निर्दोष आहे, असे माझे मत होते. प्रोसेसर तोच, त्याला राबवणारा प्रोग्राम तोच, मध्ये लावायची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, खिडक्या बंद, आणि आलेल्या आकड्यातून खोलीचे तापमान वजा. "इथे वशिला चालत नाही," असे ते प्रत्येक चाचणीपूर्वी हीटसिंकला बजावतात.

माणसांनाही हीच कसोटी. "तापतात सगळेच. उतरतं कोण लवकर, ते सांगा." आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींविषयी त्यांचा अहवाल असा: "पंखा मोठा, आवाज भरपूर, पण उष्णता सोडणारी पातीच नाहीत. एका सभेत तापला की पुढच्या सभेपर्यंत गरम." माझ्याविषयी: "हिला तापायला वेळ लागतो. पण तापली की लांब उभं राहायचं." मी ही प्रशंसा समजते.

गेल्या दिवाळीत हैदराबादहून जावयाची भेट आली. मुलगी शलाका, जावई अनिकेत. सासरे-जावयांचे संभाषण तोवर "प्रवास कसा झाला?" याच्या पुढे गेलेले नव्हते. खोक्यात निघाला पात्यांच्या दोन मनोऱ्यांचा भला थोरला हीटसिंक. काकांनी तो दूधवाल्यासकट अख्ख्या इमारतीला दाखवला. मग त्याची चाचणी घेतली आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल जाहीर केला: "सातवा व शेवटचा क्रमांक: जावईबापूंचा. दिसायला भारदस्त, कामाला शून्य."

एका आत्याने हात जोडल्याचे चित्र टाकले. शलाकाचा रविवारचा फोन बंद झाला. मे महिन्यात दोघे येणार होते, ते "बघू" झाले. काकूंनी सुकेळी, म्हणजे वसईची वाळवलेली केळी, पाठवण्याचा विषय काढला, तर उत्तर आले, "नको, इथे मिळतात."

"हैदराबादला सुकेळी मिळतात म्हणे!" काकू माझ्याकडे येऊन म्हणाल्या. "तू सायन्सवाली. तुझं ऐकतील. म्हणावं, पहिला नंबर देऊन टाका आणि मोकळे व्हा."

"काकू, आकडे असे बदलता येत नाहीत."

"मग काय, लेक-जावई बदलू?"

मी उठून काकांकडे गेले. काका स्वतःच उतरलेल्या चेहऱ्याने बसले होते. त्यांनी निकाल दाखवला. सर्वांत थोराड हीटसिंक सर्वांत जुन्या, मुठीएवढ्या हीटसिंककडून हरला होता, आणि तेही फार मोठ्या फरकाने.

"काका, हे शक्य नाही."

"इथे वशिला..."

"वशिला नको. तळ दाखवा."

त्यांनी तो संगणकातून फार सावकाश काढला. मी तळावरची पेस्ट पुसली. खाली उष्णता अडवणारी पारदर्शक प्लास्टिकची फिल्म होती आणि तिच्यावर बारीक अक्षरांत, वापरण्यापूर्वी काढावी, असे छापलेले होते.

"ही काढायची असते, काका."

"माहीत आहे."

"बाकीच्यांची काढलीत?"

"बाकीचे मी विकत घेतलेत." "हा त्यांनी दिलेला. तळ बघ, आरसा आहे. ओरखडा पडला असता तर? उद्या आले, बघू म्हणाले, तर नवाकोरा नको दिसायला? एवढीशी पातळ फिल्म. म्हटलं, हिने काय होतंय."

सात चाचण्यांत पक्षपात एकदाच झाला होता, आणि तो जावयाच्याच बाजूने.

मी फिल्म सोलली. इंजेक्शन घेताना फिरवतात तसे काकांनी तोंड फिरवले. पुन्हा चाचणी लागली तशी काकूंनी आपण होऊन गॅस बंद केला. तासाभराने आकडा स्थिरावला आणि माझा जीव भांड्यात पडला: दुसरा क्रमांक.

"पहिलाच म्हणा ना," काकू कुजबुजल्या.

"दुसरा म्हणजे दुसरा," काका म्हणाले; पण आवाज पहिल्या क्रमांकाचा होता.

काकांनी स्पीकर लावून केलेला फोन शलाकाने उचलला. काका म्हणाले, "जावईबापूंना दे."

"कशाला? आठवा नंबर काढलात का आता?"

मग अनिकेतचा सावध आवाज आला. "बोला, पप्पा."

"फिल्म राहिली होती. तळाची."

"फिल्म? तुम्ही विसरलात, पप्पा?"

"विसरलो नाही," काका म्हणाले आणि सोललेली फिल्म बोटांत फिरवू लागले.

काकूंनी फोन हिसकावला. "अरे, ओरखडा पडेल म्हणून काढली नाही! तुझी वस्तू म्हणून जपत बसले!"

पलीकडून शलाकाचे हसू ऐकू आले, पाठोपाठ त्याचे, आणि हसण्यातच ती म्हणाली, "आई, तिकिटं काढतो आम्ही."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. फोन पुन्हा काकांकडे गेला.

"पप्पा, पण मग पहिला कोण आला? आणि कितीने?"

काकांनी आजवर इतके निकाल जाहीर केले. एकानेही त्यांना उलटून असा प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली आणि नीट बसले.

"सांगतो. पहिल्यापासून सांगतो. अनिकेत, बाळा, वेळ आहे ना तुला?"

"आहे की," तो म्हणाला.

काकूंनी मला खूण केली, आणि जाताना मी दार आवाज न करता ओढून घेतले.