भास्करराव आणि हयातीचा दाखला

भास्करराव सरकारी कचेरीत जाताना घरून घडीचं स्टूल नेतात. खिडकीवाल्यानं "फोनवर करा" म्हटलं की खिडकीसमोरच स्टूल मांडतात आणि बसतात. "माणूस बोलवा," एवढंच म्हणतात. मागची रांग कुरकुरते, वॉचमन येतो, कधी चहाही येतो. हे हलत नाहीत.

समा भागातल्या आमच्या सोसायटीत ते माझ्यासमोर राहतात. बाजव्याकडच्या कारखान्यात जन्मभर पंप उघडले आणि बसवले, तेव्हा यंत्राला घाबरतात असं कुणी म्हणू नये. मी चौथी शिकलेली बाई, मी फोन वापरते. ते हातात धरत नाहीत. हा नुसता हट्ट आहे, असं मी एकदा तोंडावर सांगितलं. तर म्हणाले, "वहिनी, पंप बिघडला की शिव्या खायला मी तिथे असायचो. फोन बिघडला की कोण असतं?" मला रागच आला.

यंदा गाडं अडलं ते त्यांच्या बायकोवरून. सुमनबाई शाळेत शिकवायच्या. पक्षाघातानंतर अंथरुणावर आहेत, बोलत नाहीत. पेन्शन त्यांची, औषधं त्याच पैशांवर. त्या जिवंत असल्याचा दाखला महिनाअखेर गेला नाही तर पेन्शन बंद. भास्करराव स्टूल घेऊन गेले. म्हणाले, घरी माणूस पाठवा, डोळ्यांनी बघून जाऊ दे. खिडकीतली पोरगी गुजरातीत म्हणाली, "काका, घेर बेठां थई जाय." घरबसल्या होतं म्हणे. आणि माणूस घरी हवा असेल तर? त्याचा अर्जही फोनवरच.

तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी माझ्या दारात उभे, मान ताठच.

"हरलेलो नाही. सोमवारी परत जाऊन बसणार आहे. पण तिची औषधं संपतायत. फोन आणा."

मी फोन सुमनबाईंच्या तोंडासमोर धरला. फोन म्हणतो, डोळे मिचकावा. त्या नुसत्या बघत राहिल्या. मी ओरडून सांगितलं. फोननं तीनदा नाकारलं. तेव्हा भास्करराव माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसले आणि सुमनबाईंकडे बघून स्वतःच डोळे मिचकावू लागले, तान्ह्या मुलाला हसवावं तसे. बऱ्याच वेळानं सुमनबाईंनी डोळे मिटले, उघडले.

दाखला झाला. मी फोन खाली घेतला, ते भास्कररावांना दिसलंही नाही.

"सुमन, अजून एकदा," ते म्हणाले. आणि पुन्हा स्वतःचे डोळे मिचकावले.

काम झालंय हे मी सांगितलं नाही. दार लोटून घेतलं आणि घरी आले.