नागण्णा मालकांशी भांडतात

आमचे घरमालक किती चिक्कू, किती उलट्या काळजाचे आणि दिसायलाही कसे भयंकर आहेत, हे मला पहिल्यांदा सांगितलं ते खुद्द घरमालकांनीच. अर्थात हेच ते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

चामराजपेटेतल्या या चार मजली इमारतीत मी राहायला आले, तेव्हा गेटपाशी साठी ओलांडलेले एक गृहस्थ नळाचा वायसर बदलत उकिडवे बसले होते. अंगात खाकी हाफशर्ट, कानावर पेन्सिल. "मी नागण्णा. इथला केअरटेकर," ते म्हणाले. "मालक शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला असतात. त्यांच्या नादाला लागू नका, अक्का. माणूस बरा नव्हे."

भाडेकरारावर एन. आर. शिंदे अशी सही होती, तीही वकिलानं आणून दिलेली. मालकांना कुणी पाहिलेलंच नव्हतं. बेसिन गळतंय म्हटलं की नागण्णा कपाळाला आठ्या घालून "मालकांशी बोलतो" म्हणत आणि अर्ध्या तासात स्वतःच पाना घेऊन हजर होत. "त्यांना कळू देऊ नका हं. उगाच बोंबलतील."

भाडेकरू मालकांना शिव्या द्यायला लागले की नागण्णांना स्फुरण चढे. नुसतं ऐकून घेत नसत, मुद्दे पुरवत. "तुम्ही त्यांचा आवाज ऐकला नाहीत. रेड्यासारखा!" दुसऱ्या मजल्यावरच्या बाई एकदा चुकून म्हणाल्या, "असतील हो त्यांच्याही काही अडचणी." नागण्णा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

हे बिंग फुटलं दवाखान्यात. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोबत कुणी नव्हतं, म्हणून मी गेले. नर्सनं हाक मारली, "नागोजीराव रामोजीराव शिंदे!" कुणी उठेना. दुसऱ्या हाकेला नागण्णांनीही मान वळवून मागे पाहिलं, जणू हा शिंदे कोण टिकोजीराव ते त्यांनाही बघायचं होतं. तिसऱ्या हाकेला मात्र ते खाली मान घालून उठले. जाता जाता मला म्हणाले, "रागावू नका, अक्का."

परतताना रिक्षात, एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेल्या नागण्णांनी सगळं सांगितलं. त्यांचे पणजोबा टांगा चालवायचे. आमच्या इमारतीच्या जागी तेव्हा मोकळा माळ होता. तिथं एकदा घोडा आडवा पडला, तो आठवडाभर उठेना. पणजोबांना त्याला सोडून जाववेना आणि माळाचा मालक तर उठा म्हणून मागे लागलेला. शेवटी त्यांनी ती जागाच विकत घेतली. पुढं शहर वाढत वाढत घोड्यापर्यंत आलं.

"म्हणजे खरी कमाई घोड्याची," नागण्णा म्हणाले. "पणजोबा निदान त्याच्याजवळ बसले तरी. मी काय केलं? नुसता जन्माला आलो!"

"पण म्हणून केअरटेकर?"

"मालक म्हणून गेटपाशी बसलो की लोक नमस्कार करतात. कशाबद्दल, ते मला समजत नाही. लाज वाटते. केअरटेकरला कामासाठी तरी हाक मारतात."

कुणाला सांगणार नाही, असं मी वचन दिलं. पण मग लिफ्ट बंद पडली.

एक महिना गेला, दुसरा गेला. चौथ्या मजल्यावरच्या देशपांडेकाकांचा उजवा पाय अर्धांगवायूनं अधू झालेला. त्यांना आठवड्यातून दोनदा व्यायामाला न्यावं लागे. नागण्णा त्यांना पाठुंगळीला घेत. दोघांची वयं जवळजवळ सारखीच, त्यामुळे खाली पोचेपर्यंत कोण कुणाला आणतंय ते कळायचं नाही. गॅसचा सिलिंडर, तांदळाची पोती, कुणाची झोपलेली पोरं, सगळं नागण्णांच्या खांद्यावरून वर जायचं. मजल्यामजल्यावरून दिवसभर "नागण्णा!" चालू.

मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "अहो, लिफ्ट दुरुस्त का करत नाही?"

"मालक ऐकत नाहीत," ते म्हणाले. मला! आणि चेहरा अगदी गंभीर.

भाडेकरूंनी दोनदा त्यांना वकिली करायला हेब्बाळला धाडलं. बसनं जायचे, तळ्याकाठी बसून शेंगा खायचे आणि परत यायचे. "काय झालं?" विचारलं तर मला हळूच म्हणाले, "दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. मालकांचंही अगदीच चूक नाही."

तिसऱ्या खेपेला लोकांनी व्हॅनच ठरवली. फलक रंगवले. "नागण्णा, तुम्ही पुढं व्हा!" नागण्णांचा चेहरा पांढरा पडला, पण आता माघार कशी घेणार? हेब्बाळला पोचल्यावर त्यांनी ड्रायव्हरला तीन गल्ल्या फिरवलं आणि एका बंगल्याकडे डोळे मिटून बोट दाखवलं.

पुढची दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. आमचे मालक, मुठी आवळून, भलत्याच्याच गेटसमोर मालकांच्या नावानं ओरडत होते. "लिफ्ट सरी माडी!" म्हणजे कन्नडमध्ये, लिफ्ट दुरुस्त करा. मागून आम्ही वीस जण: "सरी माडी, सरी माडी!" त्यांचा आवाज खरोखरच रेड्यासारखा लागला होता.

बंगल्यातून लुंगी नेसलेले एक म्हातारे आजोबा बाहेर आले. हातात वर्तमानपत्र. त्यांनी फलक वाचले, मग आपल्या एकमजली बंगल्याकडे पाहिलं. बराच विचार केला. शेवटी हात जोडून म्हणाले, "सरी, सरी. आगली." म्हणजे बरं, बरं, होऊ दे.

एकच जल्लोष झाला. लोकांनी नागण्णांना खांद्यावर घेतलं. खुद्द मालकांनी शब्द दिला म्हटल्यावर नागण्णांचा इलाज खुंटला. तीन दिवसांत लिफ्ट सुरू झाली.

त्या रविवारी गच्चीवर नागण्णांचा सत्कार केला. शाल घालताना इंदूताई देशपांडे म्हणाल्या, "लिफ्ट मालकांनी दिली, तिचं काय एवढं! ही शाल आमच्या ह्यांना पाठीवरून नेलंत त्याची." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नागण्णांनी नारळ हातात घेतला आणि भाषणाला उभे राहिले. मालकांना एक शिवी दिली असती तरी चाललं असतं. तीही आठवली नाही.

लोक पांगले. मी खुर्च्या आवरायला थांबले, तर शाल तशीच अंगावर घेऊन ते पाण्याच्या टाकीला टेकून उभे.

"अक्का, लिफ्टचा माणूस पहिल्याच आठवड्यात येणार होता. मीच नको म्हटलं."

"काय?"

"लिफ्ट चालू असली की बटण दाबून सगळे आपापल्या घरी जातात. दार लागतं. बंद पडली तशी पहिल्या दिवशी सात हाका आल्या. काम झालं की प्रत्येक घरात चहा. बसा म्हणायचे. म्हटलं, आणखी एक आठवडा... मग आणखी एक."

मला संताप आला. "अहो, देशपांडेकाका पडले असते! तुमच्यासकट!"

"हो."

"इंदूताई तीन महिने जीव मुठीत धरून कठड्याला उभ्या राहायच्या!"

"हो," ते म्हणाले. "हे तुम्ही सांगा त्यांना. मला धीर नाही." शालीची घडी घालायला गेले, ती काही जमेना.

मी घडी घालून दिली. म्हटलं, "तुमचं तुम्हीच सांगायचं. आणि उद्या सकाळी सातला माझ्याकडे चहाला या."

"काय बिघडलंय?"

"काही नाही."

"मग काम काय?"

"काम काही नाही. नुसता चहा."

"फुकटचा?" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची भीती होती.

"फुकटचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी चौथ्या मजल्याचं दार वाजलं. वर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. इंदूताई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, एवढंच. सात वाजून दहा मिनिटांनी माझी बेल वाजली. दारात नागण्णा, धुतलेला शर्ट घातलेले. पाना नाही, पेन्सिल नाही, दोन्ही हात रिकामे. ते कुठं ठेवावेत हे न कळून त्यांनी आधी पाठीमागे बांधले, मग पुढं घेतले, आणि शेवटी मी बसा म्हणेपर्यंत तसेच उभे राहिले.