गोलमागचे नाना

नाना आमच्या फुटबॉल क्लबचा एकही सामना चुकवत नाहीत, आणि आजवर त्यांनी एकही गोल पाहिलेला नाही.

कारण ऊस. आमच्या नगरपालिकेच्या स्टेडियमला तीन बाजूंनी पायऱ्या आहेत. चौथ्या बाजूला, थेट गोलच्या मागे, ऊस. त्यात बिबट्या आहे, हे पोरासोरांनाही ठाऊक. म्हणून नाना खेळाकडे पाठ करून, हातात स्टीलचं ताट आणि उलथनं घेऊन, उसावर नजर लावून उभे असतात. मी गोलकीपर. त्यामुळे निम्मा सामना आम्ही दोघं पाठीला पाठ. "तू खेळ राव, म्या हाय," हे त्यांचं पालुपद.

मैदानात कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलं की नाना किंचाळतात, "वाकू नका! त्याला शेळी वाटती!" म्हणून आमचे खेळाडू पायरीवर पाय ठेवून नाड्या बांधतात. आळे गावाहून खेळायला आलेल्या पोरांना वाटलं, हा आमचा काहीतरी नवस असावा.

परवा राजुरीशी सामना होता. अंधारून आलेलं, शेवटची मिनिटं, आम्ही एका गोलने पुढे, आणि त्यांना पेनल्टी मिळाली. मी हात पसरून उभा राहिलो तोच मागे ऊस सळसळला. वारा अजिबात नव्हता.

"मागं बघू नको." नानांचा आवाज कापत होता. "बॉलकडं बघ."

आणि त्यांनी ताट असं बडवलं, की मारणाराच दचकला. बॉल दांडीवरून थेट उसात. आतून काहीतरी जड पळत गेल्याचा आवाज आला. आम्ही जिंकलो, पण बॉल आणायला कुणी गेलं नाही.

नाना गोलचा खांब धरून खाली बसले होते. "कोन जिंकलं?"

"आपुन. पन येवढं भ्या वाटतं तर हुबं कशाला राहता वो, नाना?" मी चिडलोच.

"भ्या तर घरीबी वाटतं. म्हातारी गेल्यापास्नं मळ्यात एकलाच हाय. म्होरं ऊस, मागं कोन न्हाई. हितं निदान पाठीशी तू असतोस."

मला फार वाईट वाटलं. मळ्यापर्यंत त्यांच्या मागोमाग चालत निघालो. नाना निवांत चालले होते, पेनल्टी कशी गेली ते विचारत होते. दोन्ही बाजूंना ऊस. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं, माझ्या मागे कुणी नाही.