मोरे मॅडमची खुंटी

आमच्या शाळेत मोरे मॅडम कुणाला ‘कशा आहात’ असं विचारत नाहीत. त्या विचारतात, ‘‘डॉलर लावलात?’’

साताऱ्याहून नव्यानं आलेल्या शिंदे सरांना पहिल्याच दिवशी हा प्रश्न आला, तेव्हा ते गडबडून म्हणाले, ‘‘नाही हो मॅडम, आमचं जे काय आहे ते पोस्टात.’’ मॅडमनी त्यांच्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं आणि त्यांच्या लॅपटॉपवर बोट आपटलं.

मोरे मॅडम भूगोल शिकवतात, पण पोलादपूरच्या आमच्या शाळेत निकालाच्या एक्सेल शीटही त्यांच्याच ताब्यात असतात. भानगड तशी साधी आहे. ‘एकूण गुण सहाशे’ हा आकडा वर एकाच चौकटीत लिहिलेला असतो. पहिल्या मुलाच्या टक्क्यांचा फॉर्म्युला त्या चौकटीकडे बघतो. तोच फॉर्म्युला खाली ओढला, की दुसऱ्या मुलासाठी तो एक चौकट खाली बघतो, तिसऱ्यासाठी दोन. तिथं काहीच नसतं. पण चौकटीच्या पत्त्यात डॉलरची चिन्हं घातली, की फॉर्म्युला कितीही खाली न्या, त्याची नजर सहाशेवरच.

आम्हाला हे काही केल्या उमजेना, तेव्हा मॅडम म्हणाल्या, ‘‘गाय मोकळी सोडली तर तुमच्या मागोमाग येणार की नाही? डॉलर म्हणजे खुंटी. खुंटी मारा!’’

‘‘मग सगळीकडेच मारून टाकू?’’ शिंदे सरांनी विचारलं.

‘‘अहो, मुलांच्या गुणांना मारलीत तर अख्ख्या वर्गाला एकाच पोराचे गुण पडतील! सरकायचं ते सरकू द्यावं. जागचं हलायचं नाही त्याला खुंटी.’’

शिंदे सर त्या दिवसापासून त्यांना घाबरतात. आम्ही बाकीचे आधीपासूनच घाबरत होतो. मॅडम स्टाफरूममध्ये कुणाच्या डब्यातलं घेत नाहीत, गप्पांत बसत नाहीत, आणि शाळा सुटली की महाडच्या एसटीसाठी अशा धावतात, जणू घरी पाहुणे खोळंबलेत.

गेल्या वर्षी नववीच्या निकालाला ही धावच नडली. प्रकल्पाचे गुण ऐनवेळी वाढले. मॅडमनी फॉर्म्युला नव्यानं लिहिला, पहिल्या मुलीचे टक्के पडताळले, बरोबर आले, सर्रकन खाली ओढला, यादी पालकांच्या ग्रुपवर टाकली आणि पळाल्या. गाडी लागलेली होती.

नववीची वर्गशिक्षिका मी, त्यामुळे थोड्याच वेळात माझा फोन वाजायला लागला. यादीत पहिली आरती सोडली, तर प्रत्येक मुलापुढे टक्क्यांच्या जागी इंग्रजीत ‘डिव’ आणि शून्य. शून्यानं भागता येत नाही, असं बिचारं एक्सेल सांगत होतं. खुद्द मोरे मॅडम डॉलर विसरल्या होत्या!

‘‘मॅडम, डिव म्हंजे डिव्हिजन ना? कितवी वो?’’ एका आईनं विचारलं. एका वडिलांनी तर बिरवाडीला कारखान्यात पेढे वाटून टाकले. पोराला आयुष्यात पहिल्यांदा डिव्हिजन मिळाली होती.

मॅडमनी महाड डेपोच्या बाकावर बसून मोबाईलवरच शीट दुरुस्त केली आणि परत पाठवली. सगळीकडे पोचली, फक्त आरतीकडे नाही. तिची वाडी वर डोंगरात, तिथं रेंज नाही. वडील बाजारात आले होते तेव्हा पहिली यादी बघून घरी गेलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवरून उतरलेल्या एका बाईंनी मॅडमना फोन केला. आरती जेवत नव्हती. मॅडम मिळेल त्या गाडीनं माझ्या दारात हजर.

‘‘स्कूटी काढा.’’

आम्ही पोचलो तेव्हा आरतीचे वडील अंगणात लाकडं फोडत होते. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली. ‘‘बसा. पन एक सांगा बाय, सगल्यांना डिव आला. आमच्याच पोरीनं काय घान केली?’’

दाराआड आरती उभी होती. डोळे सुजलेले.

‘‘खुंटी मी मारली नाही,’’ मॅडम म्हणाल्या.

वडिलांनी गोठ्याकडे बघितलं. ‘‘कंच्या गुराची?’’

मला वाटलं, आता फॉर्म्युला सुरू होणार. पण मॅडम थांबल्या. मग म्हणाल्या, ‘‘चूक माझी झाली. अख्ख्या यादीत फक्त आरतीचाच निकाल बरोबर होता. एकाहत्तर टक्के. वर्गात तिसरी आलीय ती.’’

‘‘मंजे पास हाय?’’

‘‘चांगली पास आहे.’’

ते घरात तोंड करून ओरडले, ‘‘अगो, भात वाढवून टाक!’’

मॅडम ‘नको नको’ म्हणाल्या; आरतीच्या आईनं ऐकलंच नाही. तांदळाची भाकरी, फणसाची भाजी, सुकटीचं कालवण. ‘‘घे गो बाय, लाजतंस काय? घरी कोन कोन हाय तुझ्या?’’

‘‘मी.’’

‘‘आनी?’’

‘‘मीच.’’

आईनं मॅडमच्या ताटात आणखी भात वाढला. मॅडमनी तो सगळा खाल्ला.

जेवणानंतर ओटीवर खांबाला टेकून त्या आरतीला दहावीचा भूगोल समजावू लागल्या. बोलता बोलता शब्द जड झाले आणि मान कलली. मोरे मॅडम चक्क झोपल्या! आईनं वाकळेची उशी करून हलकेच त्यांच्या डोक्याखाली सरकवली, कोंबड्या हाकलल्या आणि पुन्हा कुऱ्हाड उचललेल्या नवऱ्याला नुसत्या डोळ्यांनी दटावलं. आम्ही सगळे कुजबुजत राहिलो.

उन्हं कलल्यावर तिनं मॅडमच्या खांद्याला हात लावला. ‘‘ऊठ गो बाय. चाय झालाय.’’

मॅडम उठल्या. आता ओशाळतील, मग मलाच रागावतील, असं वाटलं. पण त्या केस सारखे करत चहा प्यायल्या, आरतीच्या पाठीवर हात फिरवला आणि निघाल्या.

घाट उतरताना मागून आवाज आला, ‘‘मी दुपारची कधी झोपत नाही.’’

‘‘काम असतं तुम्हाला,’’ मी म्हटलं.

‘‘काम कसलं? उठवायला कुणी नसतं. जाग येते तेव्हा दिवेलागण झालेली असते, आणि घरात दिवा नसतो. नको वाटतं.’’

एक वळण गेलं.

‘‘त्या बाईंनी किती हळू उठवलं हो,’’ मॅडम म्हणाल्या.