कुंटेकाका आणि पुढच्या चाकाचा सांधा

कुंटेकाका आमच्याकडे जेवायला आले की आधी घरात येत नाहीत. खाली पार्किंगमध्ये आमच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी गुडघे टेकतात, खिशातून लांब दांडीचा छोटा आरसा काढतात आणि तो चाकामागे घालून पाहतात. मग चाक दोन्ही हातांनी गदागदा हलवून कान लावतात. एवढं झालं की आमची बेल वाजते. हे पहिल्यांदा पाहिल्यावर तळमजल्यावरच्या फ्राउ लिंडनरनी मला जिन्यात गाठून अदबीनं विचारलं होतं, की तुमच्या धर्मात गाडीची प्रार्थना असते का? मी हो म्हणून मोकळा झालो. खरं सांगायला अर्धा तास लागला असता, आणि माझं जर्मन दहा मिनिटांच्या वर टिकत नाही.

काका मूळचे नाशिकचे. उमेदवारी सातपूरच्या कारखान्यात झाली, आणि गेली बावीस वर्षं ते इथे वोल्फ्सबुर्गमध्ये, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहेत. काम एकच. पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट यंत्रात बसवायचा आणि तो मोडेपर्यंत हलवायचा. बावीस वर्षं हेच केलेल्या माणसाला जगात दुसरं काही दिसावं ही अपेक्षाच चूक. कुठलीही वस्तू जागच्या जागी हलली की काका म्हणतात, "प्ले आहे!" म्हणजे सांधा सैल आहे. आमच्या खुर्चीत प्ले आहे. बाथरूमच्या कडीत प्ले आहे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती रंगात आली असताना यांनी मखराचा खांब हलवला आणि अध्यक्षांच्या कानात सांगितलं, "आल्झो, तर काय, प्ले आहे." अध्यक्ष बिचारे आरती सोडून सुतळी शोधायला गेले.

एकदा माझ्या बायकोनं, ऋचानं, जेवताना विचारलं, "काका, हा बॉल जॉइंट म्हणजे असतं तरी काय?" मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

काकांनी माझ्यासमोरची गुलाबजामाची वाटी ओढली. "ही वाटी, हा बॉल, हा पाक म्हणजे ग्रीस. वरून रबराची टोपी. टोपीला चीर गेली की पाणी आत शिरतं, ग्रीस वाहून जातं, बॉल झिजतो. आणि मग एक दिवस काय होतं?" त्यांनी वाटी तिरकी केली. गुलाबजाम टेबलक्लॉथवर. "गेनाऊ! बरोब्बर! चाक आडवं आणि गाडी खाली!"

त्या दिवशी घरात गुलाबजाम मोजकेच होते, त्यामुळे हे व्याख्यान माझ्या चांगलंच लक्षात आहे.

काकांना एका गोष्टीचा संताप येतो, तो म्हणजे चालढकल. माझ्या गाडीतून कटकट आवाज येत होता आणि मी सहज म्हणालो, बघू पुढच्या महिन्यात. "पुढचा महिना तू बघशील कशावरून?" काका ओरडले, आणि त्यांनी मला ऑफिसची मीटिंग चालू असताना गॅरेजात नेलं. मी मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बोलत होतो आणि पुढून काका मधूनमधून सांगत होते, "ऐक, ऐक, तो बघ आवाज!" माझ्या साहेबानं तो आवाज ऐकला की नाही ते माहीत नाही. काकांचा मात्र नक्की ऐकला.

सुलभाकाकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी मुग्धा म्युनिकला, शहराबाहेरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. लहानपणापासून इथेच वाढलेली, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. दर रविवारी काका तिला फोन करतात. मी दोन-तीनदा समोर होतो. "टायरमध्ये हवा किती आहे? ऑइल बघितलंस? वायपर?" पलीकडून प्रत्येक वेळी जर्मनमधलं "या, पपा", म्हणजे हो. पाच मिनिटांत फोन संपतो. मग काका बराच वेळ फोनकडे बघत बसतात. जेवलीस का, बरी आहेस का, हे विचारायचं खातं घरात काकूंकडे होतं. ते काकांकडे आलं खरं, पण त्यांना ते कधी जमलं नाही.

मुग्धाला नोकरी लागली तेव्हा काकांनीच तिला एक भलीमोठी एसयूव्ही घेऊन दिली. मोठी गाडी म्हणजे पोर सुखरूप, हा हिशेब. गाडी कुठल्या कंपनीची ते मी सांगणार नाही. आमचं अख्खं गाव एकाच गाडी-कंपनीवर जगतं, इथे दुसऱ्या कंपन्यांची नावं घेत नाहीत.

गेल्या वसंतात एका सकाळी बेल वाजली, आणि दारात काका. पार्किंगमध्ये न थांबता थेट वर आलेले. हातात पत्र होतं. गाडी त्यांच्या नावावर, म्हणून पत्र त्यांच्या पत्त्यावर. कंपनीनं त्या एसयूव्ही परत बोलावल्या होत्या. पुढच्या चाकाचे खालचे बॉल जॉइंट सदोष, फुकट बदलून मिळतील, गॅरेजची वेळ घ्यावी.

"निनाद," काका म्हणाले, "मी घेऊन दिली रे तिला ही गाडी. मी!"

माझ्यासमोरच त्यांनी मुग्धाला फोन लावला. तिनं लगेच गॅरेजला विचारलं. वेळ पाच आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर मी हळू चालवीन, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी साठलेली सगळी रजा टाकली, म्युनिकची ट्रेन पकडली, मुग्धाच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि शर्टाच्या खिशात घालून वर बटण लावलं. गाडी तिच्या बिल्डिंगखाली उभी राहिली, आणि ते तिथेच मुक्कामाला राहिले.

तिसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या कामासाठी मी म्युनिकला गेलो. शुक्रवारी मुग्धाला अर्धा दिवस असतो, म्हणून दुपारी जेवायला बोलावणं आलं. काका आता रोज सकाळी तिच्याबरोबर एस-बाननं, म्हणजे इथल्या लोकलनं, आणि पुढे बसनं हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जात होते. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "अरे, ती बस वेळेवर येते की नाही, कोणीतरी बघायला नको?" सव्वा तासाचा प्रवास, तेवढाच परतीचा. डबा काका स्वतः करत होते. मुग्धानं मला हळूच मोबाइलवर डब्याचा फोटो दाखवला. पोळ्यांचे आकार मी इथे लिहीत नाही.

आम्ही ताटावर बसलो होतो, मुग्धा आत पोळ्या गरम करत होती, तेवढ्यात काकांचा फोन वाजला. गॅरेजवाला होता; गाडी काकांच्या नावावर, म्हणून नंबरही त्यांचाच दिलेला. कोणीतरी वेळ रद्द केली होती, सुटे भागही आले होते, सोमवारी सकाळी गाडी आणलीत तर दोन तासांत काम होईल. समोर बसून मला सगळं ऐकू येत होतं.

"नाइन, नाइन," काका म्हणाले. "एस आइल्ट निश्ट." घाई नाही. आधी दिलेली तारीखच राहू द्या.

मी घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिलो. घाई नाही, हे काका म्हणत होते!

"वेअर वार दास, पपा?" आतून मुग्धानं विचारलं. कोणाचा फोन?

"अगं, राँग नंबर," काका मराठीत म्हणाले.

गॅरेजवाल्याशी खरं ते जर्मनमध्ये बोलले होते आणि मुलीशी खोटं मराठीत, आणि मुलीला तर जर्मनच जास्त चांगलं कळतं. त्या घराच्या स्वयंपाकघराला दारसुद्धा नाही. मी आमटीत तोंड घातलं.

मुग्धा बाहेर आली. तिनं काकांच्या ताटात पोळी वाढली. मग एकेक शब्द शोधत मराठीत म्हणाली, "पपा, सोमवारी सात चाळीसची एस-बान. आणि डब्यात भेंडी करा. परवासारखी."

काका हो म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे मीठ मागितलं. मीठ त्यांच्या ताटासमोरच होतं. मी ते उचलून त्यांच्या हातात दिलं.