भागवतकाकांच्या घरासमोरचा बाक

आपली बदनामी झाली आहे का, हे तुम्ही कधी घरोघरी बेल वाजवून विचारलं आहे? आमच्या भागवतकाकांनी विचारलं आहे.

काका इंग्लंडमधल्या स्लाऊ गावातल्या आमच्या वॉर्डाचे कौन्सिलर. त्याआधी जन्मभर हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. मीटिंगमध्ये त्यांचं भाषण सुरू झालं, की हातगुण अजून गेलेला नाही हे कळतं. "ऑन रेकॉर्ड सांगतो" म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही. चहात साखर नको, हेही ऑन रेकॉर्ड.

एकदा दारोदारी पत्रक पडलं: 'कौन्सिलरांनी सार्वजनिक बाक स्वतःच्या घरासमोर बसवून घेतला!' काका पेटले. "ऑन रेकॉर्ड सांगतो, केस करणार!"

सॉलिसिटरनं थंडपणे समजावलं, लोकांच्या मनातली तुमची पत खरोखर घसरली, हे आधी दाखवावं लागेल. शिवाय आरोप खरा निघाला, तर सगळंच संपलं.

मला हा कायदा आवडतो. पत्रकं वाचत आणि वाटतच मी मोठी झाले. खुर्चीतल्या माणसाला असा खटला सहज जिंकता आला, तर उद्या लिहायला धजेल कोण? हे मी काकांना तोंडावर सांगितलं.

"पटतंय गं. पण माझं नाव गेलं त्याचं काय? चल, पुरावा गोळा करू."

काका टाय लावून निघाले. पहिल्याच दारात विचारलं, "ऑन रेकॉर्ड सांगा, पत्रक वाचून माझ्याबद्दलचं मत घसरलं का?"

"घसरायला आधी वर असायला हवं ना, काका!" जोशीवहिनी खळखळून हसल्या.

शेजारच्या पंजाबी आजोबांनी त्या पत्रकात कांद्याची सालं गुंडाळून टाकली होती. त्यांनी आम्हाला पराठे खाऊ घातले आणि बंद पडलेल्या स्ट्रीटलाइटवरून काकांना झापलं. पुढच्या घरी कचऱ्याची तक्रार. पुरावा कुठेच मिळेना.

शेवटचं दार कुलकर्णी आजींचं. "हो, माझा बसला विश्वास," त्या म्हणाल्या. काकांचे डोळे चमकले.

"म्हटलं, बरं केलंत. काकू गेल्यापासून तुमच्याकडे येतंय कोण? खिडकीबाहेर तरी माणसं बसतील."

परतताना काका त्याच बाकावर टेकले.

"ऑफ द रेकॉर्ड सांगतो," ते म्हणाले. हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. "बाकासाठी जागा दोन होत्या. मीच ही लावून धरली. कुणी बसलं, की मी खिडकीतून हात करतो. खरं तेच छापलंय त्यांनी."

"मग केस?"

"केस कसली डोंबलाची!"

पुढच्या मीटिंगमध्ये उभं राहून त्यांनी हे सगळं ऑन रेकॉर्ड सांगितलं. त्या दिवशी कुणालाही झोप आली नाही.

तेव्हा पत्रकं लिहा. बेधडक लिहा, काकांविरुद्धसुद्धा. फक्त त्यांच्या दाराच्या फटीतून आत सरकवून पळू नका. बेल वाजवा, आणि बिनसाखरेचा एक चहा पिऊन या.